लेण्यांच्या भिंतींवरचा महसूल: सातवाहनांचे कर, सवलती आणि सत्ता

नाशिकजवळच्या त्रिरश्मी डोंगरावर, ज्याला आपण पांडवलेणी म्हणतो, तिथल्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्याच्या ओवरीत एक सरकारी आदेश कोरलेला आहे. वैजयंती येथील विजयी सेनेच्या तळावरून गौतमीपुत्र सातकर्णी हा सातवाहन राजा गोवर्धन येथील विण्हुपालित नावाच्या अमात्याला कळवतो, की पश्चिम काखडी गावातले, आजवर उषवदाताने (आधीच्या क्षत्रप राजाच्या जावयाने) भोगलेले २०० निवर्तनांचे (निवर्तन हे जमीन मोजण्याचे जुने माप) शेत आपण त्रिरश्मीवर राहणाऱ्या भिक्षूंना देत आहोत. लेखावर राजाच्या कारकिर्दीचे १८ वे वर्ष नोंदवलेले आहे. दानाचा भाग एका वाक्यात संपतो. त्यानंतर त्या शेताला कोणते ‘परिहार’, म्हणजे कोणत्या सवलती, दिल्या आहेत याची यादी येते, आणि प्राचीन दख्खनमधील कर आणि राजसत्ता यांचा संबंध समजून घ्यायचा असेल तर ही यादी मला त्या दानापेक्षाही मोलाची वाटते.

यादीतले प्राकृत शब्द असे आहेत: अपावेस, अनोमस, अलोणखादक, अरठसविनयिक आणि सवजातपारिहारिक. अपावेस म्हणजे ज्यात राजाच्या माणसांनी शिरायचे नाही असे. अनोमस म्हणजे ज्याला त्यांनी हात लावायचा नाही असे. अलोणखादक म्हणजे जिथे मिठासाठी खोदायचे नाही असे. अरठसविनयिक म्हणजे राष्ट्राच्या, त्या काळच्या अर्थाने त्या प्रदेशाच्या, अधिकाऱ्यांच्या हुकमतीबाहेरचे. शेवटचा शब्द या सगळ्यांवर पांघरूण घालतो: सर्व प्रकारच्या सवलतींनी युक्त. या शब्दांच्या बारीक छटांबद्दल अभ्यासकांमध्ये मतभेद आहेत, पण एकूण आशय स्पष्ट आहे.

आता हीच यादी उलट बाजूने वाचून पाहावी. भिक्षूंच्या शेतात राजाच्या माणसांनी शिरू नये असे मुद्दाम लिहावे लागते, याचा अर्थ इतर शेतांत ती शिरत होती. मिठासाठी खोदू नये असे लिहावे लागते, याचा अर्थ मिठावर राजाचा हक्क होता आणि तो बजावण्यासाठी कोणाच्याही जमिनीत कुदळ पडू शकत होती. सातवाहनांचे जमाखर्चाचे कागद आपल्यापर्यंत आलेले नाहीत. ताडपत्रे, कापड आणि लाकडी फळ्या दोन हजार वर्षे टिकत नाहीत. टिकला तो दगड, आणि दगडावर कोणी वसुलीचा हिशेब कोरत नाही, दान कोरतो. त्यामुळे राजाने काय सोडले हे आपल्याला थेट कळते आणि तो काय घेत होता हे त्या सोडण्यावरून ताडावे लागते. या लेखात सवलतींच्या याद्यांवरून वसुलीकडे जाण्याचा हाच मार्ग धरला आहे.

त्या काळी राजाच्या उत्पन्नाची नावे कोणती होती, याचे सर्वांत नेटके उत्तर सातवाहनांच्या प्रतिस्पर्ध्याच्या लेखात मिळते. पश्चिमी क्षत्रप, म्हणजे गुजरातेकडच्या शक राजघराण्यातला, रुद्रदामन याचा गिरनार येथील शिलालेख शके ७२, म्हणजे इ.स. १५० च्या सुमाराचा आहे. आपला कोश, म्हणजे खजिना, ‘यथावत् प्राप्त’, म्हणजे रीतसर मिळालेल्या, अशा बली, शुल्क आणि भाग यांनी भरून वाहतो, असे रुद्रदामन त्यात सांगतो. भाग म्हणजे पिकातला राजाचा वाटा. धर्मशास्त्रे आणि कौटिलीय अर्थशास्त्र यांत तो साधारणपणे सहावा हिस्सा मानलेला आहे, म्हणून राजाला षड्भागी म्हणत. बली हा त्याहून जुना शब्द. आरंभी जे लोक आपखुशीने राजाला आणून देत, ते पुढे ठरावीक देणे झाले. शुल्क म्हणजे व्यापारी मालावरची जकात. पिकातला वाटा प्रत्यक्षात कमीजास्त करता येत असे, हे अशोकाच्या लुंबिनी येथील स्तंभलेखावरून दिसते. बुद्धाचा जन्म जिथे झाला त्या गावाचा बली अशोकाने पूर्ण माफ केला आणि भाग आठवा हिस्सा इतका ठेवला. तिथेही करविषयक माहिती आपल्याला मिळते ती माफीच्या निमित्तानेच.

गिरनारचा लेख मुळात एका धरणाचा आहे. सुदर्शन नावाच्या तलावाचा बांध प्रचंड पावसाने आणि वादळाने फुटला. भगदाड इतके मोठे होते की रुद्रदामनच्या मंत्र्यांनी दुरुस्तीला विरोध केला आणि बांध पुन्हा उभा राहील ही आशा सोडून प्रजेत हाहाकार उडाला. अखेर सुविशाख नावाच्या पह्लव (इराणी वंशाच्या) अमात्याने ते काम तडीस नेले. लेखात राजा अभिमानाने सांगतो, की ‘कर, विष्टि आणि प्रणय’ यांनी शहरातल्या आणि खेड्यांतल्या लोकांना न पिडता, स्वतःच्या कोशातून मोठा पैसा खर्चून, फार वेळ न लावता हा बांध पूर्वीपेक्षा तिप्पट मजबूत केला.

या तीन शब्दांपाशी थोडे थांबायला हवे. विष्टि म्हणजे बिनमोबदल्याची सक्तीची मजुरी. मराठीतला ‘वेठ’ हा शब्द याच विष्टीपासून आला आहे. वेठबिगार आणि ‘वेठीस धरणे’ यांत तो आजही जिवंत आहे. ज्याच्याकडे धान्य नाही आणि नाणे नाही, त्याच्याकडेही दोन हात असतात, आणि प्राचीन राज्यांनी त्या हातांवर कर बसवला. रस्ते, बांध, किल्ल्यांच्या भिंती, सैन्याचे ओझे वाहणे ही कामे अशा श्रमावर चालत. वेठीचा बोजा वाट्याच्या करापेक्षा वेगळ्या प्रकारे जाचतो, कारण पिकाचा सहावा हिस्सा पीक आल्यावर द्यायचा असतो, पण वेठीचे बोलावणे ऐन पेरणीतही येऊ शकते.

प्रणय हा शब्द वाचून आजचा वाचक चमकेल. त्याचा मूळ अर्थ प्रेम, जिव्हाळा असाच आहे. राजाचा खजिना रिकामा झाला आणि संकट उभे राहिले, तर त्याने प्रजेकडे ‘प्रेमाने’ मागायचे, ही ती कल्पना. कौटिलीय अर्थशास्त्राच्या पाचव्या अधिकरणात याची तपशीलवार चर्चा आहे: जिथे पाऊसपाणी चांगले आणि धान्य मुबलक, अशा प्रदेशाकडून धान्याचा तिसरा किंवा चौथा हिस्सा मागावा, व्यापारी आणि कारागीर यांच्यासाठी वेगवेगळी प्रमाणे ठेवावीत, आणि ही मागणी एकदाच करावी, दुसऱ्यांदा करू नये. सहाव्या हिश्शावरून तिसऱ्यावर जाणे म्हणजे बोजा दुप्पट होणे. ‘दुसऱ्यांदा नको’ ही सूचना ग्रंथकाराने घातली, यावरून ती पाळली न जाण्याचा धोका त्याला चांगला ठाऊक होता असे मला वाटते. रुद्रदामननेही आपण प्रणय घेतला नाही हे दगडावर कोरून ठेवण्याजोगे मानले. कर न लादणे ही अभिमानाची गोष्ट ठरते ती लादणे नेहमीचे असते तेव्हाच.

सातवाहनांकडे परत येताना एक फरक नीट समजून घ्यायला हवा, कारण त्यावरून बरेच गैरसमज होतात. शेत दान देणे आणि गाव दान देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेत दिले म्हणजे ती जमीन आणि तिचे उत्पन्न घेणाऱ्याचे झाले. गाव दिले म्हणजे गावातल्या लोकांच्या जमिनी काढून घेतल्या असे नव्हे. राजाला त्या गावाकडून जे मिळायचे ते आता मठाला किंवा ब्राह्मणाला मिळणार, एवढाच बदल होई. शेतकरी तोच, शेत तेच, देणेही बहुधा तेच; खळ्यावर वाटा मोजून नेणारा माणूस तेवढा बदलला. सगळी जमीन राजाचीच होती असेही नाही. नाशिकच्या दहाव्या लेण्यातील लेखात उषवदाताने एका ब्राह्मणाकडून त्याचे वडिलोपार्जित शेत ४००० कार्षापणांना, म्हणजे त्या काळच्या नाण्यांना, विकत घेऊन भिक्षूंच्या अन्नासाठी दिल्याची नोंद आहे. उषवदात हा क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई, म्हणजे त्या काळी या प्रदेशातल्या सर्वांत बलाढ्य माणसांपैकी एक. त्यालाही जमीन हवी तेव्हा पैसे मोजावे लागले.

राजाचा वाटा नेहमी राजाच्याच हाती जात होता, हेही खरे नाही. कार्ले येथील लेण्यांत सातवाहन राजा पुळुमावीच्या ७ व्या वर्षातला एक लेख आहे. त्यात सोमदेव नावाचा महारठी वलुरकच्या, म्हणजे कार्ल्याच्या, भिक्षुसंघाला एक गाव देतो, आणि ते ‘सकरुकर’ व ‘सदेयमेय’ देतो, म्हणजे त्यावरच्या करांसह आणि द्यायच्या व मोजून घ्यायच्या उत्पन्नासह. काळ मोजायला वर्ष राजाचे आहे, पण देणारा महारठी आहे. गावाचे उत्पन्न दुसऱ्याला देऊन टाकण्याचा अधिकार ज्याच्याकडे असतो, त्याच्याकडे राज्याचा एक तुकडा असतो. महारठी, महाभोज, महासेनापती अशा पदव्या असलेली घराणी सातवाहनांच्या राज्यात ठिकठिकाणी दिसतात आणि त्यांची स्त्री-पुरुष माणसे स्वतःच्या नावाने दाने देताना आढळतात. सातवाहनांची सत्ता एकाच खजिन्यातून चालणारी नव्हती. ती अशा घराण्यांशी वाटून घेतलेली होती, असे या नोंदी सुचवतात.

शेतीच्या वाट्यावर एखादे घराणे टिकते. ते श्रीमंत होते ते घाट आणि बंदरे यांच्यामुळे. सोपारा आणि कल्याण या बंदरांतून देशावर जाणारा माल नाणेघाट चढून जुन्नरकडे आणि पुढे प्रतिष्ठानला, म्हणजे पैठणला जात असे. नाणेघाटाच्या माथ्यावरच्या गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा प्रसिद्ध लेख आहे. त्यात यज्ञांची नावे आणि दक्षिणा म्हणून दिलेली गावे, हजारो गायी, हत्ती, घोडे आणि हजारोंनी कार्षापण यांचे आकडे आहेत. घाटाच्या तोंडाशी एक मोठा दगडी रांजण आहे आणि जकातीची नाणी त्यात टाकत असत असे परंपरा सांगते. रांजणाचा उपयोग काहीही असो, राजघराण्याने आपल्या उधळणीचा हिशेब व्यापारी तांड्यांच्या वाटेवरच कोरला, ही गोष्ट योगायोगाची वाटत नाही. घाट ज्याच्या ताब्यात, त्याला वाटसरूचा शोध घ्यावा लागत नाही. वाटसरूच त्याच्या दारात येतो.

हे सत्य शेजाऱ्यांनाही कळत होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘एरिथ्रियन समुद्राचा पेरिप्लस’ या मार्गदर्शिकेत कल्याणबद्दल एक महत्त्वाचा उल्लेख आहे: हे बंदर पूर्वी रीतसर व्यापाराचे होते, पण पुढे तिथे फार अडथळे आले आणि एखादे ग्रीक जहाज चुकून तिथे लागलेच तर त्याला पहारा देऊन बॅरिगाझाला, म्हणजे भडोचला नेले जाते. भडोच त्या वेळी नहपानाच्या ताब्यात होते. शत्रूचे बंदर लुटण्याची गरज नव्हती. तिथली जहाजे आपल्या धक्क्याकडे वळवली की शत्रूची जकात आपोआप आपल्या खजिन्यात येत होती. त्याच ग्रंथात भडोचच्या दक्षिणेला २० दिवसांच्या वाटेवर पैठण आणि त्याच्या पूर्वेला १० दिवसांवर तगर, म्हणजे आजचे तेर, यांचा उल्लेख आहे. तिथला गोमेद जातीचा दगड आणि कापड गाड्यांतून भडोचला येत असे. म्हणजे सातवाहनांच्या राजधानीचा मालही क्षत्रपांच्या जकातनाक्यावरून समुद्राला मिळत होता. दुसऱ्या टोकाला रोमन साम्राज्य काय घेत होते याचीही नोंद आहे. केरळातल्या मुझिरिसहून इजिप्तला आलेल्या ‘हर्मापोलोन’ या जहाजाच्या मालाचे मोल इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातल्या एका पपायरसवर जवळजवळ ७० लाख सेस्टर्स इतके मांडलेले आहे, आणि अशा मालावर रोमन सरकार २५ टक्के जकात घेई. एवढ्या मोठ्या व्यापाराच्या वाटेवरचे एक बंदर हातून जाणे कोणत्याही राजाला परवडणारे नव्हते. सातवाहन आणि क्षत्रप पिढ्यान्‌पिढ्या का भांडत राहिले याचे मोठे कारण मी इथे शोधतो.

गौतमीपुत्राने नहपानाच्या घराण्याचा पाडाव केल्यावर काय केले, हे एका नाणेनिधीवरून दिसते. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा १३,००० हून मोठा साठा सापडला. त्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राने आपले ठसे पुन्हा मारलेले आहेत. नवी नाणी पाडायला चांदी आणि वेळ लागतो. जुन्यावर ठसा मारला की तेच चलन नव्या राजाचे होते. लोकांच्या गाठीला जे नाणे आहे ते चालू राहते, व्यवहार थांबत नाहीत, आणि हातात घेणाऱ्या प्रत्येकाला सत्ता कोणाची हे कळते. लेखाच्या आरंभी आलेल्या काखडीच्या शेताचेही हेच झाले. काल उषवदाताचे असलेले शेत आज गौतमीपुत्र दान देतो, तेव्हा भिक्षूंना जमीन मिळते आणि राजाला आपण आता इथले धनी आहोत हे जाहीर करता येते. कार्ल्यालाही असेच घडले: उषवदाताने दिलेले करजिक गाव गौतमीपुत्राने मामाल आहारातल्या, म्हणजे मावळातल्या, अमात्याला आदेश पाठवून भिक्षूंना नव्याने दिले. हा राजा एका लेखात ‘एकबम्हण’, अद्वितीय ब्राह्मण, म्हणवला गेला आहे, आणि तरी बौद्ध संघाची जुनी दाने त्याने चालू ठेवली. भिक्षूंचे मठ व्यापारी वाटांवर होते, लोकांचा त्यांच्यावर विश्वास होता, आणि जुने दान मोडणारा राजा या दोन्ही गोष्टी गमावून बसला असता.

उषवदाताच्या दानांत आणखी एक प्रकार आहे, जो मला विशेष आवडतो, कारण त्याचा हिशेब आपण आज करून पाहू शकतो. वर्ष ४२ च्या लेखानुसार त्याने ३००० कार्षापणांची ‘अक्षयनीवी’, म्हणजे कधीही न मोडायची ठेव, गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे कारागीर संघांकडे, ठेवली: एका श्रेणीकडे २००० कार्षापण शेकडा १ दराने, आणि दुसरीकडे १००० शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत घ्यायचे नाही, व्याज तेवढे वापरायचे. २००० च्या व्याजातून लेण्यात वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातला मुक्काम, करणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रासाठी द्यायचे. वीस गुणिले बारा म्हणजे २४०. आता २००० वर दरमहा शेकडा १, म्हणजे महिन्याला २० आणि वर्षाला २४०. आकडे काटेकोर जुळतात आणि दर मासिक होता हेही त्यातून कळते. वर्षाला शेकडा १२ पडले. राजघराण्यातल्या माणसाने हा पैसा आपल्या खजिन्यात न ठेवता विणकरांकडे ठेवला. राजघराणी येतात आणि जातात, पण विणकरांचे माग चालू राहतात, हे त्याने ओळखले असावे. पुढे आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातही नाशिकला आजारी भिक्षूंच्या औषधासाठी श्रेणींकडे अशाच ठेवी ठेवल्या गेल्या. प्राचीन काळचा सार्वजनिक पैसा फक्त राजाच्या तिजोरीत नव्हता. त्याचा एक भाग कारागिरांच्या पतीवर उभा होता.

असा व्यवहार तोंडी राहत नसे. उषवदाताचे दान निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवले गेले आणि रीतीप्रमाणे फलकावर नोंदले गेले. गौतमीपुत्राच्या लेखातही शेत आणि परिहार ‘निबद्ध’ करण्याची, म्हणजे दप्तरी नोंदवण्याची, आज्ञा आहे. राजाने तोंडी आज्ञा दिली, अमात्य शिवगुप्ताने ती लिहिली, मग ती जपून ठेवली गेली आणि अंमलात आणली गेली, असा प्रत्येक टप्पा नाव घेऊन सांगितलेला आहे. वर्ष, ऋतू, पंधरवडा आणि दिवस दिलेला आहे. भिंतीवर आपण वाचतो ती खरे तर दप्तरातल्या कागदाची नक्कल आहे, आणि ती उघड्यावर कोरण्यामागे व्यवहारी शहाणपण होते: उद्या एखादा कारभारी शेतात शिरला, तर भिक्षूंनी त्याला ही भिंत दाखवावी.

गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिने नातू पुळुमावीच्या १९ व्या वर्षी मुलाची जी प्रशस्ती कोरवली, तिच्यात त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले आणि त्याने क्षहरातांचा वंश निखालस संपवला, या पराक्रमांबरोबरच तो धर्माने मिळवलेल्या करांचाच विनियोग करणारा होता, असेही म्हटले आहे. आईने मुलाचे केलेले गुणगान म्हणून ते थोडे सावधपणे घ्यावे लागते. पण करवसुलीतला न्याय हा राजाच्या गुणांत मोजला जात होता, एवढे त्यातून नक्की दिसते.

त्या वसुलीला मर्यादा कुठे येत होती, हे प्रशस्तीत नाही. ते त्याच ओवरीतल्या आणखी एका लेखात आहे. गौतमीपुत्राच्या २४ व्या वर्षी त्याच्या आणि राजमातेच्या नावाने गोवर्धनच्या सामक नावाच्या अमात्याला आदेश गेला. आम्ही पूर्वी काखडी गावात भिक्षूंना शेत दिले होते, असे त्यात म्हटले आहे, पण ते शेत कसले जात नाही आणि ते गावही वसत नाही. मूळ प्राकृतात इथे ‘कसते’ आणि ‘वसति’ ही क्रियापदे आहेत. मराठी माणसाला ती समजावून सांगावी लागत नाहीत. आपल्या सहा वर्षांपूर्वीच्या लेखात राजाने शेताचे क्षेत्र, आधीचा मालक, नवे मालक आणि पाच प्रकारच्या सवलती हे सगळे ठरवून दिले होते. नांगर धरणारा माणूस त्याला ठरवता आला नव्हता. गाव ओस का पडले हे लेख सांगत नाही, पण नुकत्याच झालेल्या युद्धाच्या टापूतले ते गाव होते, आणि सैन्य, वेठ व दोन सत्तांची ओढाताण सहन न झालेली माणसे गाव सोडून जातात. माणसे गेली की राजाचा भागही गेला आणि त्याने दान केलेला भागही गेला.

म्हणून नव्या आदेशात नगराच्या सीमेवरच्या, राजाच्या स्वतःच्या शेतातून १०० निवर्तने त्रिरश्मीच्या भिक्षूंना दिली गेली. आधीच्या निम्मी, पण वस्तीजवळची. आज्ञा तोंडी दिली गेली आणि लोटा नावाच्या प्रतिहारीने, म्हणजे द्वाररक्षकाने, ती लिहून घेतली. त्यात त्या १०० निवर्तनांसाठी तीच यादी पुन्हा आलेली आहे: शिरायचे नाही, हात लावायचा नाही, मिठासाठी खोदायचे नाही.